आजी टाईट शिवते

ये गं, सरकून बस जरा माझ्याजवळ. आता तू पुण्यात आणि मी इथं बीडजवळ, पालीच्या अलीकडच्या फाट्यावरून आतल्या गावात, तर सरकणार कशी, एवढं मला कळतं. पण आजीचं वाचायचं तर जवळ बसल्यासारखं वाचावं माणसानं. एका कानात ते गाण्याचं बोंडूक, एक डोळा टीव्हीत आणि मधूनच कुणाला तरी अंगठा पाठवायचा, असं वाचू नये. मागच्या वेळी मी तुला फोनवर एवढी मोठी हकीकत सांगितली आणि शेवटी तू म्हणालीस, "हं, मग?" मग काय! मग मी फोन ठेवला.

आज तसं करू नकोस. आज माझं काम आहे तुझ्याकडं.

परवा तुझी आई आली होती. तुझं लग्न ठरल्यापासून ती येते तेव्हा उभ्या उभ्याच असते. मी तिला बळंच बसवलं, चहा दिला. ती शालूच्या रंगाचं बोलायला लागली. मी म्हटलं, शालू आला की आधी माझ्याकडं घेऊन ये, ब्लाउजपीस कापायला घेते. तर ती चहाच्या कपात बघायला लागली. माझी लेक आहे ती. कपात बघायला लागली म्हणजे काहीतरी आहे.

"आई, ती ब्लाउज पुण्यातच शिवून घेणार हाय. तिथं बुटीक का काय असतं."

"कावून? मी काय मेले का?"

"तसं न्हाई गं. तिचं शेड्यूल लई टाईट हाय, मापाला यायला जमत न्हाई. मापाचं ब्लाउज कुरिअरनं पाठवू का म्हणत होती आधी."

"मापाचं ब्लाउज मी घेत न्हाई आता. माणूस पाहिजे समोर."

"बघ! म्हणजे तूच अडवून धरतीस."

"खरं काय ते सांग."

तुझ्या आईनं कप खाली ठेवला. "ती म्हणती, आजी टाईट शिवते."

तर बाई, हे लिहायला बसले ते एवढ्यासाठी. लग्नाचं ब्लाउज कुणाकडून शिवायचं ते तुझं तू ठरव, त्यात मी पडणार नाही. माझ्या हातचं घालून तू उभी राहावीस असं मला वाटतं, हेही लपवत नाही. पण आजी टाईट शिवते, हे कुठून निघालं ते आधी ऐक. मग ठरव.

आता या टाईटचंच आधी सांगते. मी मशीन घेतली तेव्हा हा शब्द आमच्या गावात फक्त तुझ्या आजोबांकडं होता. ते विहिरीवरच्या मोटारी दुरुस्त करायचे आणि त्यांच्या लेखी टाईट म्हणजे नट. नट टाईट, बोल्ट टाईट, पट्टा टाईट. लोणच्याच्या बरणीचं झाकणसुद्धा पान्यानं लावल्यासारखं लावायचे. त्यांना जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण माळ्यावर एक डबा अजून आहे, तो कुणालाच उघडत नाही. त्यात काय आहे ते फक्त त्यांना माहीत होतं.

बायांकडं तेव्हा दुसरे शब्द होते. शिवण मी कुणाकडं शिकले नाही. माझंच एक जुनं ब्लाउज उसवून, त्याचे तुकडे जमिनीवर मांडून, परत जोडून शिकले. पण खरं शिकवलं ते गिऱ्हाइकांच्या तोंडानं. कुणी म्हणायची काचतं. कुणी म्हणायची आवळ झालं. कुणी म्हणायची तंग होतंय. ऐकणाऱ्याला सगळं एकच वाटेल, पण तसं नव्हतं. काचतं ते काखेतल्या मुंढ्यात, आवळ ते छातीला, तंग ते बाहीला. नुसत्या शब्दावरून कळायचं कात्री कुठं लावायची. मग घरोघर टीव्ही आले, पोरी बीडला कॉलेजात जायला लागल्या, आणि बघता बघता सगळ्याजणी टाईट म्हणायला लागल्या. आता विचारावं लागतं, कुठं टाईट? तर म्हणतात, असंच, टाईट.

आणि नुसतं कपड्यालाच लावलं असतं तर एक वेळ चाललं असतं. आमच्या आळीतली एक बाई एकदा ओट्यावर आली आणि एका दमात म्हणाली, "काकू, ब्लाउज टाईट झालंय, पण एवढ्यात सोडू नका, या महिन्यात आमच्याकडंच जरा टाईट हाय, अन् मालक कालपासून टाईट हायेत." मला सगळं समजलं. ब्लाउज ठेवून घेतलं, शिलाईचं बघू म्हटलं, आणि मालकांसाठी तिला ताक दिलं.

पोरींचं आणखी निराळं. आयांना जे टाईट होतं ते लेकींना फिटिंग असतं. "आजी, टाईटच ठेवा" म्हणतात. पोरं रस्त्यानं एकमेकाला म्हणत जातात, "लई टाईट दिसायलास बे." म्हणजे कपडे लहान झाले असतील म्हणून मी एकाला बोलावलं, म्हटलं आण इकडं, सोडून देते. ते कौतुक होतं म्हणे. आणि "त्याची टाईट झाली" म्हणजे तो घाबरला. एका शब्दाकडून लोक करून घेतात तितकी कामं मी घरातल्या सुनेकडूनसुद्धा करून घेतली नाहीत.

असो. सुनेवरून आठवलं, लग्नाकडंच येते.

तुझ्या धाकट्या मामाचं लग्न. तू आली नव्हतीस, तुझी परीक्षा होती. मामीचं माहेर गेवराईच्या पलीकडं, गोदावरीच्या अंगाला. खाऊनपिऊन सुखी घर, ऊस, दोन म्हशी, आणि मोजकं बोलणारी माणसं. आपल्याकडं नवरीचा शालू नवऱ्याकडचा असतो, म्हणून त्यावरचं ब्लाउजही नवऱ्याकडचंच. तुझ्या सासरच्यांनी ते आपल्यावर सोडलंय, ते वेगळं. आणि सासूच शिवणारी असली तर विचारायलाच नको. पण सासूनं लग्नाआधी नवरीच्या अंगाला टेप लावायचा नसतो. असा कुणी कायदा केलेला नाही, पण लावत नाहीत. बाजारात म्हैस बघायला आल्यासारखं दिसतं ते.

म्हणून नवरीकडून मापाचं ब्लाउज येतं. नवरीला नीट बसणारं एखादं जुनं ब्लाउज, धुऊन, घडी घालून, पिशवीत एक हळकुंड टाकून पाठवतात. त्यावर टाकून कापायचं आणि शिवायचं. आणि आलेल्या मापाबद्दल उलट विचारायचं नाही. लहान आहे म्हटलं तर पोरगी जाड आहे म्हटल्यासारखं होतं, मोठं आहे म्हटलं तर पोरगी लठ्ठ हो‌ती का, आता वाळली का, असं सुरू होतं.

पिशवी आली. पोपटी रंगाचं ब्लाउज होतं. मी ते कापायच्या फळीवर पसरलं आणि कात्री खाली ठेवली. पोरगी बघायला गेलतो तेव्हा तिनं पाण्याच्या तांब्यांनी भरलेलं ताट एका हातानं आणलं होतं. चांगला भरलेला दंड. आणि ही बाही शेवग्याच्या शेंगेएवढी.

तुझ्या आजोबांची थोरली बहीण, म्हणजे माझी नणंद, लग्नाची म्हणून आधीच येऊन राहिली होती. तिला आम्ही आक्का म्हणतो. तिला मी म्हटलं,

"आक्का, हे माप पोरीचं वाटत न्हाई मला."

"मग कोणाचं? गावच्या पाटलाचं?"

"पोरगी अंगानं भरलेली हाय. हे लई बारीक हाय."

"मग लाव इहीणबाईला फोन. विचार, तुमची लेक जाड हाय का बारीक. लग्न मोडायचं असंल तर आत्ताच मोड बाई, मंडपवाल्याला अजून सांगितलं न्हाई."

मी फोन लावला नाही. आलेल्या मापाप्रमाणं कापलं. फक्त बाजूच्या शिवणीत माया नेहमीपेक्षा जास्त सोडली. माया म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जादा कापड. पुढं अंग भरलं तर तेवढी शिवण उसवायची आणि ब्लाउज सोडून द्यायचं. दुकानवाले ती ठेवत नाहीत. मी ठेवते. मनातली शंका कापडात दुमडली आणि वरून इस्त्री फिरवली.

लग्नाच्या दिवशी आमचं वऱ्हाड निघालं तर गेवराईच्या अलीकडं रस्त्यावर पोलीस. कुणा पुढाऱ्याची सभा होती. "आज बंदोबस्त लई टाईट हाय," ड्रायव्हर म्हणाला. एरवी त्या रस्त्यावर वाळूच्या गाड्यांमुळं माणसाला रस्ता ओलांडता येत नाही. त्या दिवशी एक गाडी दिसली नाही. मी विचारलं, वाळूवाले कुठं गेले. "त्यांची टाईट झालीय मावशी," तो म्हणाला. मामाचे दोस्त दुसऱ्या गाडीत होते. ते कुठून कसे आले कोण जाणे, पण आमच्या आधी पोचले होते आणि पोचतानाच टाईट होते. त्यातल्या एकानं नवरदेवाच्या घोड्याला वाकून नमस्कार केला आणि बराच वेळ त्याच्याशी बोलत उभा राहिला. घोड्यानं ऐकून घेतलं.

मुहूर्त दुपारचा होता. वरून पत्रे, खाली माणसं. नवरी बाहेर आली तशी आक्का माझ्या कानात म्हणाली, "बघ कशी ताठ चालतीय. मान कशी वर हाय. चांगल्या घरची पोरगी."

मी बघितलं. ताठ नव्हती चालत ती. तिला वाकता येत नव्हतं. वरून शेला होता म्हणून लोकांना दिसत नव्हतं, पण शिवणारणीला दिसतं. हुकाच्या पट्टीवर कापड असं ओढलं गेलं होतं की आता फाटेल का मग. ती श्वास वरच्या वर, चिमणीसारखा घेत होती.

मंगलाष्टका सुरू झाल्या. आपल्याकडं मंगलाष्टका म्हणायला कुणीही उठतं हे तुला माहीत आहे. भटजींच्या झाल्या, मग मामीच्या मामाच्या झाल्या, मग एका निवृत्त मास्तरांनी खिशातून कागद काढला. त्यांनी दोन्हीकडच्या सगळ्या पाहुण्यांच्या नावांची गुंफण केली होती. मी मनात म्हणत होते, मास्तर, आवरा. मास्तर चुलत्यांपर्यंत आले होते, चुलते पुष्कळ होते. शेवटचं सावधान झालं, अक्षता पडल्या, अंतरपाट निघाला. नवरीनं माळ घालायला दोन्ही हात वर उचलले आणि तशीच खाली बसली. बसली म्हणजे पडलीच. माळ मामाच्या एका कानावर राहिली.

आता बघ, मंडपात कुणाला भोवळ आली की काय मागवतात त्यावर सगळं असतं. पाणी मागवलं तर उपास. कांदा मागवला तर ऊन. आणि हुंगवायला चप्पल मागवली तर फिट. खरंखोटं डॉक्टरला माहीत, पण लोकांचं असं ठरलेलं आहे.

माझ्या नणंदेनं चप्पल मागवली.

"अरे कुणाची तरी चप्पल द्या रे! लवकर!"

बँडवाला मध्येच थांबला. आणि नवरीचा चुलता पुढं आला.

"चप्पल कावून मागता बाई? आमच्या पोरीला काय फिट येती काय?"

"मग काय येतंय? डोळ्यानं बघतोय की आमी. सांगायचं तरी आधी."

"तोंड सांभाळून बोला."

"तोंड काय सांभाळायचं! फसवणूक हाय ही."

पुरुष खुर्च्यांवरून उठले. मामाच्या दोस्तांनी बाह्या वर केल्या. त्यांच्यातल्या कुणालाच भांडण कशाचं आहे ते कळलेलं नव्हतं. फोटोवाला नंतर कुणाला तरी सांगत होता, वातावरण असलं टाईट झालं की मी आधी कॅमेरा पिशवीत घातला.

तुला हे वाचून हसू येत असेल. मला तिथं आलं नाही. कारण फिट हा शब्द असा मंडपात एकदा पोरीला चिकटला की जन्मात सुटत नाही. पुढं तिला नुसता ठसका लागला तरी फिट. लेकरू झोपेत दचकलं तरी आईकडून आलं. आणि ते पुढचं झालं. इथं तर मागून कुणीतरी म्हणतच होतं, पुढचे विधी थांबवा, आधी डॉक्टरला दाखवा, मग बघू न्यायची का ते. सप्तपदी व्हायची होती. पोरगी माळ घालता घालता माहेरी परत जायची वेळ आली होती.

मी आणि विहीणबाईनं तिला दोन्हीकडून धरून नवरीच्या खोलीत नेलं आणि आतून कडी लावली. शेला काढला. वरचे दोन हुक तुटलेले होते, बाकीच्यांचे वळ अंगावर उठले होते.

"श्वास घे आधी. पोटभर घे."

तिनं घेतला. उरलेले हुक गेले. एक आरशाला लागून टणकन वाजला.

रंग जरा परत आल्यावर ती मला म्हणाली, "आत्याबाई, ते पोपटी ब्लाउज माझं न्हाई."

"गप बस गं," तिची आई म्हणाली.

"न्हाई आई, सांगू दे. माझ्या मावसबहिणीचं हाय ते. माझ्याकडं ब्लाउजच न्हाई एक पण. मी ड्रेस घालते. साडी कधी नेसलेच न्हाई."

"मग काल हळदीला?" मी विचारलं.

"ते बाजारातलं ताणायचं होतं. ते ताणलं."

विहीणबाई ट्रंकेवर बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. "काय करू बाई मी! ब्लाउज न्हाई म्हणून कळवलं असतं तर तुमी म्हणला असता, जिनं साडी नेसली न्हाई ती पोरगी घरात काय नांदणार. शेजारणीचं पाठवावं तर ती गावभर सांगणार. बहिणीच्या लेकीचं आपलं घरातलं. अन् दोघी एकाच उंचीच्या हायेत हो!"

"उंचीवरून ब्लाउज शिवतात का इहीणबाई?"

"ते मला काय माहीत? मी ओवी म्हणते, शिवत न्हाई."

ओवीचा काय संबंध ते मी विचारलं नाही. माणूस घाबरलं की काहीही बोलतं. मी पोरीला म्हटलं, "सकाळी घालतानाच का न्हाई बोललीस?"

"बोलले की. हुक लागत नव्हते तर मावशी अन् काकूनं मिळून ओढले. आई म्हणली, अक्षता पडूस्तोवर दम धर." तिनं घाम पुसला. "तेवढा धरला. त्याच्या पुढचं कुणी सांगितलं न्हाई."

तिथंच मला ती पोरगी आवडली. आधी सून म्हणून पसंत केली होती, ते वेगळं.

बाहेरून आक्का दार वाजवायला लागली. "शुद्धीवर आली का? का दातखिळी बसली? चमचा देऊ का?"

"कंगव्याच्या डब्यात ब्लेड असंल, ते द्या," मी विहीणबाईला म्हटलं. सुईदोरा माझ्या कमरेच्या पिशवीत असतोच. ब्लाउज उतरवून घेतलं, बाजूच्या दोन्ही शिवणी उसवल्या, आतली माया सगळी बाहेर काढली आणि हातानंच मोठा मोठा धावदोरा घालायला लागले. पोरगी शेला गुंडाळून पंख्याखाली बसून बघत होती. विहीणबाई रडत होत्या. बाहेर कुणीतरी टाईट दोस्ताला धरून पाणी पाजत होतं, त्याचा आवाज येत होता.

शिवता शिवता मी विचार करत होते की दार उघडल्यावर काय सांगायचं. ब्लाउज टाईट झालं हे तर सांगायलाच पाहिजे होतं. पण लगेच पुढचा प्रश्न येणार, का झालं? खरं सांगितलं तर विहीणबाई त्या दिवशीपुरत्या नाही, कायमच्या लबाड ठरणार. आणि त्यांची लेक माझ्या घरात येणार होती. भाजीत मीठ कमी पडलं की आक्का म्हणणार, मापात खोटं करणाऱ्यांची लेक ही. एक चिकटलेलं काढायला दुसरं चिकटवून काय उपयोग? मी फार वेळ विचार केला असं काही नाही. दोरा संपत आला होता.

ब्लाउज घातलं. बसलं. हुकांच्या जागी सेफ्टी पिना लावल्या. शेला पांघरला आणि कडी काढली.

बाहेर निम्मं लग्न दाराशी उभं होतं.

"फिट न्हाई अन् बिट न्हाई," मी म्हटलं. "ब्लाउज टाईट झालतं. श्वास कोंडला पोरीचा. मीच शिवलंय, माझंच माप चुकलं. दिसत न्हाई मला आता पहिल्यासारखं."

आक्का पुढं सरकली. "तुझं माप चुकलं? पोटच्या लेकाच्या लग्नात?"

"चुकलं."

"मी म्हणलं न्हवतं का तुला, फोन लाव म्हणून!"

मागून कुणीतरी हसलं, मग सगळेच हसले. चुलता खुर्चीवर बसला. दोस्तांनी बाह्या खाली केल्या. बँडवाल्यानं राहिलेलं गाणं राहिलं होतं तिथूनच सुरू केलं. सप्तपदी झाली. पंगतीत नवरीनं जिलेबी दोनदा मागून घेतली आणि दोन्हीकडचे लोक ती जिलेबी पोटात जाईपर्यंत बघत होते. कुणाला काही झालं नाही.

माझं मात्र झालं. त्या मंडपात होत्या त्यातल्या निम्म्या बाया माझ्या गिऱ्हाइकांतल्या. लग्नाहून आले तशी एकेक येऊन म्हणायला लागली, काकू, डोळे दाखवून घ्या एकदा. गावात डोळ्यांचं शिबिर आलं तर माझं नाव मला न विचारता पहिलं घातलेलं. डॉक्टरनं बघून सांगितलं, या वयात असे डोळे मी बघितले नाहीत, तुम्हाला कशाला आणलं? आणणारी बाई म्हणाली, "ब्लाउज टाईट शिवते हो ही." डॉक्टरला काही कळलं नाही. त्यानं डोळ्यात घालायला थेंब दिले.

काहीजणी बीडच्या दुकानात जायला लागल्या. ज्या राहिल्या त्या म्हणायच्या, "जरा ढिलंच ठेवा हं काकू." ढिलं ठेवलं की म्हणायच्या, ढगळ झालं, आता हातच गेला हिचा. आक्का तर अजून कुठल्याही लग्नात पंगतीला बसली की सुरू करते, आमच्या भावजयीनं सुनेला भर मंडपात कशी आवळली. तूही ते तिच्याच तोंडून ऐकलं असणार. तुझी आई त्या वेळी आचाऱ्याकडं होती, तिलाही तेवढंच माहीत. मला वाईट वाटलं का? वाटलं. इतकी वर्षं शिवलं, कुणाची बाही वाकडी गेली नाही, आणि नाव झालं ते हे. पण त्या नावाखाली मामी सुखानं नांदली, तिला कुणी फिटवाली म्हटलं नाही. म्हणून मी गप्प बसले आणि बसूनच राहिले असते.

मामी आता घरात ड्रेसच घालते. सणाला साडी नेसते, तीही तिची तीच. परवा तुझी आई गेल्यावर तिनं माझ्यापुढं चहा आणून ठेवला आणि म्हणाली, "आत्याबाई, त्या पोरीला खरं सांगून टाका."

"तुझ्या आईचं नाव निघंल."

"निघू द्या. आई आता दिवसभर गाऊन घालून ओट्यावर बसती, तिला काय पडलंय साडीचं? तुमी न्हाई सांगितलं तर मी फोन करून सांगते. पण लिहाल तर तुमी नीट लिहाल."

म्हणून सांगितलं. विहीणबाई तुझ्या लग्नात येतील, त्यांच्यासमोर हसू नकोस. आणि आक्काला यातलं एक अक्षर बोलू नकोस. तिला वाटतं त्या दिवशी लग्न तिच्यामुळं वाचलं. वाटू दे.

आता तू ठरव. बुटीकमध्ये शिवलंस तर मी रुसणार नाही. एवढंच विचार त्यांना, आत माया किती ठेवता, आणि ठेवत नसतील तर लग्नाच्या आदल्या दिवशी घालून, हात वर करून बघ. पण माझ्याकडून शिवायचं मनात आलं, तर पार्सल पाठवू नकोस. नवं नको, जुनं नको, मैत्रिणीचं तर मुळीच नको. मी तुझी सासू नाही, मला टेप लावता येतो. खांदा, दंड, छाती, एवढं बघायला एक सकाळ पुरते. सकाळचीच ये, ओट्यावर तेव्हा उजेड चांगला असतो. बीडवरून निघालीस की फाट्यावर उतर, मामी गाडी घेऊन येईल न्यायला. तुला आवडते म्हणून तिनं अंबाडीची भाजी वाळवून ठेवली आहे. येत्या रविवारीच का येत नाहीस? ये गं, वाट बघते.